कचऱ्याची वीज: भट्टी म्हातारी होते म्हणजे नक्की काय होतं

परवा आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओला-सुका वेगळा करायचा विषय निघाला आणि एक जण म्हणाला, अहो आता मोशीला कचऱ्यापासून वीज करतात, मग आपण कशाला दोन-दोन बादल्या ठेवायच्या, सगळं एकत्र जाळू दे की, तेवढीच वीज जास्त. (आम्ही पुण्यात धायरीला राहतो, मोशीचा प्रकल्प पिंपरी-चिंचवडचा, पण ते जाऊ दे.) माझी नोकरी सगळी साखर कारखान्याच्या को-जनरेशनवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या वीज प्लांटवर गेली, बॉयलर मेंटेनन्सला, त्यामुळे मी तावातावानं उठून क्लोरिन, सुपरहीटर वगैरे बोलायला लागलो आणि दोन मिनिटांत सगळे मोबाईलमध्ये. खजिनदार म्हणाले काका, लिहून पाठवा ग्रुपवर. तर हे घ्या, जरा लांबलंय.

आधी मूळ गोष्ट. कचऱ्याची भट्टी म्हणजे एक मोठी शेगडी आहे आणि तिच्यावर एक मोठा कुकर, म्हणजे बॉयलर आहे. पाणी उकळायचं, वाफ करायची, ती वाफ टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची, पाती फिरली की जनरेटर फिरतो. खाली कोळसा जाळा, बगॅस म्हणजे उसाचं चिपाड जाळा नाहीतर कचरा, वरचं सगळं साधारण सारखंच. कचऱ्याच्या प्लांटमध्ये गाडी वजनकाट्यावरून येते आणि एका खोल खड्ड्यात रिकामी होते, तिथे वर मोठ्या पंजाची क्रेन असते. हा क्रेनवाला माणूस म्हणजे खरा आचारी, कारण तो दिवसभर कचरा उचलून-टाकून कालवत असतो, ओला ढीग कोरड्यात मिसळतो, म्हणजे भट्टीत एकसारखा घास जावा. मग कचरा सरकत्या जाळीवर पडतो आणि तासभर हळूहळू पुढे सरकत जातो, पहिल्या टप्प्यात वाळतो, मधल्यात पेटतो, शेवटी निखारे होऊन राख खाली पाण्यात पडते. जाळीखालून हवा मारतात, ती हवा मुद्दाम त्या कचऱ्याच्या खड्ड्यावरूनच ओढून घेतात, म्हणजे घाण वास बाहेर न जाता भट्टीत जळून जातो. म्हणूनच प्लांट बंद पडला की आजूबाजूच्या लोकांना सगळ्यात आधी कळतं, कारण वास ओढणारी भट्टीच थांबलेली असते.

गरम गॅस वर जाऊन ट्यूबांच्या जंगलातून फिरतो, ट्यूबांमध्ये पाणी आणि वाफ, गॅस थंड होत होत पुढे जातो, त्यात चुना आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पावडर मारतात, मग बॅग फिल्टरच्या कापडी पिशव्यांतून गाळून आयडी फॅन तो चिमणीत ढकलतो. आयडी फॅन म्हणजे एक्झॉस्ट फॅनचा आजोबा समजा.

आता वीज किती? मोशीच्या प्रकल्पाचं उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते झालं, क्षमता १४ मेगावॅट, कचरा वर्षाला अडीच लाख टन म्हणजे दिवसाला सातशे टनाच्या आसपास. १४ मेगावॅट चोवीस तास चालले तर ३ लाख ३६ हजार युनिट, भागिले ७०० टन, म्हणजे टनाला ४८० युनिट, किलोला अर्धा युनिट धरा. चार माणसांच्या घरातून दिवसाला दोन किलो कचरा निघत असेल तर महिन्याचा झाला ६० किलो, म्हणजे सगळं उत्तम चाललं तरी २९-३० युनिट, आणि प्लांटचे स्वतःचे पंखे, पंप, क्रेन त्यातलेच दहा-पंधरा टक्के खातात ते वेगळं. तुमच्या बिलावरचा युनिटचा आकडा काढून शेजारी ठेवा. कचऱ्याच्या जिवावर शहर उजळणार वगैरे जे बोलतात ना, त्यांनी एकदा हा भागाकार करावा. भट्टीचं खरं काम कचऱ्याचं आकारमान जवळजवळ नव्वद टक्के कमी करणं हे आहे, पुण्याच्या कचरा डेपोजवळच्या फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी कचऱ्याच्या ज्या डोंगरांशेजारी वर्षानुवर्षं काढली ते डोंगर वाढू नयेत हे. वीज हे जोडउत्पन्न, दुधाच्या धंद्यात शेण विकल्यासारखं. हे लक्षात ठेवा, कारण भट्टी म्हातारी व्हायला लागली की पहिलं जातं ते जोडउत्पन्नच.

मी पहिल्यांदा हे आकडे पाहिले तेव्हा मला वाटलं होतं, अरे हे तर आपलं बगॅसच आहे. उसाचा रस काढून उरलेलं चिपाड, त्यात निम्मं पाणी असतं, पन्नास टक्के, तरी ते झकास जळतं, किलोला साधारण १८०० किलोकॅलरी निव्वळ उष्णता देतं. आणि किलोला अर्धा युनिट वीज काढायची असेल तर कचराही साधारण तेवढ्याच ताकदीचा लागतो, १७०० ते १९०० किलोकॅलरीचा. म्हणजे ताकद सारखी. मग आमच्याकडच्या बॉयलरमध्ये वाफ ५०० अंशाच्या वर सहज जाते, नवे बॉयलर तर ५४० पर्यंत नेतात, आणि कचऱ्याचा प्लांट जगात बहुतेक ठिकाणी बघा, वाफ ४०० अंशाच्या आणि ४० बार दाबाच्या आसपास अडकलेली दिसते. का? वाफ जितकी गरम तितकी वीज जास्त, हे कुणालाही माहितीये, मग हे लोक मुद्दाम स्वतःचं नुकसान का करून घेतात?

उत्तर तुमच्या लोणच्याच्या बरणीत आहे. मीठ. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि ओल्या कचऱ्यातली शिळी आमटी, पापड, वेफर्सचा चुरा, सगळीकडे मीठ. दुसरा गुन्हेगार पीव्हीसी, म्हणजे वायरचं कव्हर, पाइपचे तुकडे, जुनी रेक्झिनची पर्स, आणि हो, चौकाचौकात लागणारे वाढदिवसाचे फ्लेक्स, ते पण पीव्हीसीचंच कोटिंग. दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स रात्री उतरवून कचऱ्यात गेला की त्यातला क्लोरिन भट्टीत मोकळा होतो. हा क्लोरिन गॅसबरोबर उडून ट्यूबांवर क्षारांच्या थरात जाऊन बसतो, त्या थराखाली लोखंडाशी जुळतो, त्याचं आयर्न क्लोराइड होतं, ते वाफ होऊन थोडं बाहेर सरकतं, तिथे ऑक्सिजन भेटला की लोखंड गंज होऊन चिकटतं आणि क्लोरिन पुन्हा सुटा होऊन आत लोखंड खायला परत. म्हणजे क्लोरिन खर्चच होत नाही, तोच तो कामगार डबल शिफ्ट करत राहतो. आणि ट्यूब जितकी गरम तितका हा प्रकार जोरात, त्यात शिसं-जस्ताचे क्षार असतील तर ते कमी तापमानालाच वितळतात आणि मग विचारूच नका. म्हणून डिझाइनवाले वाफ चारशेला थांबवतात. कोळशाचा चांगला प्लांट इंधनातल्या उष्णतेची ३५-४० टक्के वीज करतो, इथे वीस ते पंचवीस टक्के आले तरी पाठ थोपटतात.

बगॅसमध्ये क्लोरिन त्या मानाने फारच कमी, आणि दुसरं म्हणजे बगॅस आज जसं तसंच उद्या. कचरा? सकाळी मार्केट यार्डाकडचा भाजीपाला, दुपारी कुणाच्या तरी फर्निचरचा भुसा, संध्याकाळी राडारोड्यातली वाळू. वाळू, काच, माती भट्टीत वितळून एकत्र दगड होतो, आम्ही त्याला क्लिंकर म्हणतो, तो फोडायला माणसाला लांब गज घेऊन उभं राहावं लागतं, ते काम मी केलंय, परत करणार नाही.

आता म्हातारपण.

ट्यूब नवीन असते तेव्हा तिची जाडी समजा पाच मिलिमीटर. वाईट जागी, जिथे गॅस सरळ आदळतो तिथे, संरक्षण नसेल तर वर्षाला मिलिमीटरभर सहज उडू शकते. दरवर्षी बंद ठेवून अल्ट्रासॉनिकचा छोटा प्रोब लावून शेकडो ठिकाणी जाडी मोजतात, त्याला आम्ही थिकनेस मारणं म्हणतो. जिथे पातळ झाली तिथे ट्यूब बदला, नाहीतर आधीच निकेलच्या मिश्रधातूचा, इन्कोनेलचा, थर वेल्डिंगने चढवा, तो महाग असतो पण टिकतो. कधी वेळ नाही म्हणून गळकी ट्यूब दोन्हीकडून बूच मारून बंद करून टाकतात. एक बंद केली, ठीक. दहा केल्या की वाफ तापवायची जागाच कमी झाली, वाफ ४०० ऐवजी ३८०, ३७० वर यायला लागते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, कचरा तेवढाच जळतोय, चिमणी चालू आहे, फक्त मीटरवरची वीज हळूच कमी.

दुसरं काजळीचं. ट्यूबांवर राखेचा जाड थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, गॅस गरमच पुढे जातो, पुढच्या सुपरहीटरला, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबांना, तो जास्त गरम भेटतो, मग तिथे गंज अजून वेगाने, म्हणजे एका दुखण्यातून दुसरं. काजळी उडवायला वाफेचे फवारे मारतात तर ते फवारेच ट्यूबा घासतात. गुडघ्यासाठी गोळी घ्यावी आणि ॲसिडिटी व्हावी तसं. भट्टीच्या आतल्या रिफ्रॅक्टरी, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा गरम-थंड, गरम-थंड होऊन तडकतात. जाळीचे लोखंडी बार जळून त्यांच्यात फटी पडतात, त्यातून न जळलेला कचरा खाली गळतो. दारं, जॉइंट, डक्ट सैल होऊन बाहेरची थंड हवा आत शिरते, तिला आम्ही खोटी हवा म्हणतो. ती जळायला मदत करत नाही, नुसती तापून चिमणीतून निघून जाते, आणि आयडी फॅनला ती पण ओढावी लागते म्हणून फॅन आधीच फुल, त्यामुळे कचरा कमी टाकावा लागतो. या सगळ्यात टर्बाइन बिचारं सगळ्यात कमी त्रास देतं पण ते बंद पडलं तर एक गंमत होते: वाफ टर्बाइनला वळसा घालून सरळ कंडेन्सरला, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या यंत्राला सोडतात, बायपास म्हणतात, आणि कचरा जळतच राहतो. वीज शून्य. म्हणजे कागदावर 'प्रकल्प सुरू आहे' हे शंभर टक्के खरं असतं.

साखर कारखान्याला एक वरदान असतं, ऑफ सीझन. गळीत हंगाम संपला की सहा-सात महिने बॉयलर उघडा, आत माणूस घाला, ट्यूबा बदला, विटा लावा, सगळं निवांत, दसऱ्याच्या आसपास पुन्हा अग्निप्रदीपन. कचऱ्याला ऑफ सीझन नाही. दिवाळीची साफसफाई झाली की उलट ढीग वाढतो, गणपती विसर्जनानंतर निर्माल्य, आणि पावसाळ्यात तर कचरा गाडीतूनच पाणी गाळत येतो. वर्षाला ८००० तास चालवायचं गणित मांडलेलं असतं, म्हणजे ८७६० पैकी दुरुस्तीला जेमतेम महिनाभर. मग दुरुस्ती पुढे ढकलली जाते, मग ट्यूब तिला वाटेल त्या दिवशी फुटते.

आणि इथेच धुराचा प्रश्न येतो, ज्याची लोकांना खरी भीती असते. डायऑक्सिन नावाचा जो विषारी प्रकार आहे तो ८५० अंशाच्या वर गॅस दोन सेकंद राहिला तर तुटतो, त्यामुळे भट्टी नीट तापलेली असेल तर तिथे काळजी कमी. पण गॅस पुढे थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशाच्या पट्ट्यात, राख, क्लोरिन आणि थोडं तांबं यांच्या संगतीत, तो पुन्हा तयार होऊ शकतो. म्हणजे गॅस त्या पट्ट्यातून पटकन निघून गेला पाहिजे. आता जुना बॉयलर आठवा, ट्यूबांवर राख साचलेली, म्हणजे नेमकी त्याच पट्ट्यात विषाला बसायला सतरंजी घातलेली. शिवाय जुना प्लांट वारंवार बंद-चालू होतो, आणि चालू करताना भट्टी ८५० ला पोचेपर्यंतचा काळ हाच सगळ्यात घाणेरडा. त्या वेळी डिझेलचे बर्नर लावून आधी तापवायची आणि मगच कचरा सोडायचा हा नियम, पण डिझेल महाग, आणि बाहेर गाड्यांची रांग. आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत डायऑक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम अशी युरोपइतकीच कडक ठेवली. फक्त धूळ किंवा सल्फर सतत मीटरवर दिसतं तसं डायऑक्सिन दिसत नाही, नमुना घेऊन लॅबला पाठवावा लागतो, आणि नमुना घेतात तो दिवस सहसा सगळं छान चालू असलेला असतो. हा माझा टोमणा समजा किंवा अनुभव.

जगात म्हाताऱ्या भट्ट्या बऱ्याच आहेत. लंडनच्या एडमंटनची १९७० च्या सुमारास सुरू झालेली भट्टी पन्नाशी ओलांडून चालत राहिली आणि शेजारी नवीन उभी करायला घेतली. अमेरिकेत डेट्रॉइटची १९८९ ची भट्टी तीस वर्षांनी, २०१९ मध्ये बंद झाली, शेजारच्या लोकांची वासाची आणि धुराची तक्रार वर्षानुवर्षं चालू होती. व्हिएन्नाची श्पिटेलाऊची १९७१ ची, १९८७ मध्ये तिला मोठी आग लागली, तेव्हा ती पाडायच्या ऐवजी दुरुस्त केली आणि हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराकडून बाहेरून रंगीबेरंगी सोनेरी घुमटवाली करून घेतली, आता पर्यटक फोटो काढतात. पण तिचं खरं रहस्य घुमटात नाही. ती तिची उष्णता गरम पाण्याने पाइपातून शहरातल्या घरांना देते, त्यामुळे जळलेल्या कचऱ्यातली बरीचशी उष्णता कामी येते. हे पुण्यात कसं करणार, इथे डिसेंबरात एक स्वेटर पुरतो. आपल्याकडे कंडेन्सरमधून उष्णता नुसती हवेत सोडायची. त्यामुळे कुणी युरोपचं उदाहरण दिलं की मी विचारतो, तिथली थंडी पण आणणार का.

आणि आपलं देशी उदाहरण तर म्हातारं व्हायलाच जगलं नाही. दिल्लीला तिमारपूरमध्ये १९८७ साली डॅनिश तंत्राची भट्टी आली, दिवसाला ३०० टन, पावणेचार मेगावॅट. ती धरली होती १४०० किलोकॅलरीच्या पुढचा कचरा मिळेल म्हणून, आणि आला त्याच्या निम्म्या ताकदीचा, ओला, मातीने भरलेला. जेमतेम काही दिवस चालली आणि बंद. भट्टी चांगलीच होती हो. जेवण वेगळं वाढलं.

इथे मीटिंगमधल्या त्या दोन बादल्या येतात. स्वयंपाकघरातला ओला कचरा घ्या, त्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी. एक किलो पाणी तापवून वाफ करायला सहाशे किलोकॅलरीच्या वर लागतात, त्यामुळे एक किलो ओल्या कचऱ्यातून ते पाणी उडवण्याचा खर्च वजा जाता हाती उरतात जेमतेम पाचशे. म्हणजे केळीची सालं भट्टीत टाकणं म्हणजे ओला टॉवेल जाळून चहा करण्यासारखं. वर मीठ त्याच्याबरोबरच आलं. तेच ओलं बायोगॅसला किंवा खताला दिलं तर पाणी तिथे अडचण नसतंच, उलट लागतं. मग राहिलेलं सुकं जे विकलं जात नाही, वेफर्सचे चकचकीत पुडे, फाटके कपडे, तुटकी चप्पल, थर्माकोल, ते कोरडं असलं तर दोन-अडीच हजार किलोकॅलरी आरामात पार करतं. आणि विकलं जातं ते, पुठ्ठा, बाटल्या, जाड प्लास्टिक, ते आमच्याकडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई दारातूनच घेऊन जातात आणि त्यावर त्यांचं घर चालतं, ते जाळण्यात काही अर्थ नाही, कारण नवीन पुठ्ठा बनवायला जी ऊर्जा लागते ती जाळून मिळते त्यापेक्षा जास्तच असते. म्हणून एकत्र जाळू दे म्हणणारे भाऊ, तुम्ही वीज वाढवत नाही, ओलं घालून ती कमी करताय आणि मीठ घालून ट्यूब पातळ करताय. सुरू झाल्यापासून २० वर्षांनी, म्हणजे २०४३ मध्ये मोशीचा सुपरहीटर किती पातळ झालेला असेल ते बऱ्याच अंशी आजच्या बादल्यांवर आहे.

उलटा तिढा पण सांगतो, परदेशातल्या जुन्या प्लांटना तो झालाय. भट्टीची खरी क्षमता टनात नसते, उष्णतेत असते. बॉयलर तासाला ठरावीकच उष्णता पचवू शकतो. पन्नास वर्षांपूर्वी ओलसर, राखाडी कचरा गृहीत धरून बांधलेल्या भट्टीत आज प्लास्टिकवाला कोरडा कचरा आला तर टनाला उष्णता जास्त, मग टन कमी टाकावे लागतात, कारण नाहीतर बॉयलरला ताप चढतो. आणि नगरपालिकेशी करार झालेला असतो टनांचा. मग वाद सुरू.

राहिली राख. वजनाने पाव भाग तरी उरतोच, तळाची राख, त्यातून लोखंड-ॲल्युमिनियम वेचून उरलेली रस्त्याच्या भरावाला वापरता येते. फिल्टरमधली बारीक राख मात्र धोकादायक, त्यात शिसं, कॅडमियम, क्लोरिन, पकडलेला डायऑक्सिन सगळंच, ती साध्या डेपोवर टाकायचीच नाही, घातक कचऱ्याच्या खास जागी नेऊन पुरायची.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की एखादा प्रकल्प नीट चाललाय की नाही हे आपल्यासारख्याला कसं कळणार. मेगावॅटचा आकडा बघू नका, तो पाटीवरचा असतो. वर्षात किती तास चालला, सुपरहीटरनंतर वाफेचं तापमान किती आणि ते मागच्या वर्षीपेक्षा घसरलंय का, किती वेळा ट्यूब फुटून थांबला, आणि डिझेल किती लिटर गेलं. शेवटचा आकडा सगळ्यात प्रामाणिक. डिझेल वाढलं की समजायचं भट्टी सारखी थांबतीये आणि सारखी पेटवावी लागतीये, किंवा कचरा इतका ओला येतोय की तो स्वतःच्या जिवावर जळतच नाहीये. आमच्या कारखान्यात पहिल्या पावसात भिजलेलं बगॅस आलं की फोरमन बाकी काही न विचारता आधी डिझेलच्या टाकीची काचच बघायचा.